कुळागरातली कॉफी: केरी आणि सुर्ला इथल्या लागवडीच्या नोंदी

१२ जून २०२२, केरी (सत्तरी, गोवा)

काल संध्याकाळी रोपं उतरवली. कर्नाटकातल्या एका रोपवाटिकेतून साठ. टेम्पो चोर्ला घाटातून भर पावसात आला, तरी एकाही पिशवीतला मातीचा गड्डा फुटलेला नाही. छत्तीस रोबस्टा, सीएक्सआर वाणाची. चोवीस चंद्रगिरी, म्हणजे अरेबिका.

काकांनी एक पान बोटांत धरून उलटंपालटं केलं. "पिटकोळीसारखं दिसतं गो." अगदी बरोबर बोलले. कॉफी आणि पिटकोळी (एक्झोरा) एकाच कुळातल्या. चाळीस वर्षं कुळागर, म्हणजे पाटाच्या पाण्यावरची पोफळीची (सुपारीची) बाग, सांभाळलेल्या माणसाला ते पुस्तकात बघावं लागत नाही.

वाटणी अशी ठरली: रोबस्टा सगळी इथे. चंद्रगिरी बारा इथे आणि बारा आत्याकडे, सुर्ल्याला. केरी घाटाच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्या आतबाहेर. सुर्ला घाटमाथ्यावर, सातशे मीटरच्या वर. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते, म्हणजे आत्याच्या परसात आमच्यापेक्षा चार-साडेचार अंश कमी. अरेबिकाला सरासरी १५ ते २५ अंश मानवतात, रोबस्टाला २० ते ३०. या हिशेबाने केरीत अरेबिका लावूच नये. तरी बारा लावते आहे. का, ते सवडीने लिहीन.

१९ जून २०२२, केरी

चार पोफळींच्या चौकोनात मधोमध एक कॉफी, या पद्धतीने चार दिवसांत लागवड संपवली. आमच्या पोफळी नऊ-नऊ फुटांवर आहेत, त्यामुळे मधली जागा पुरेशी मिळते. खड्डे दीड फुटाचे, एप्रिलमध्येच काढून उन्हात तापवलेले. मातीचा सामू (पीएच) ५.१ आला होता. कॉफीला सहा ते साडेसहा लागतो, म्हणून तेव्हाच चुना टाकला होता. खड्ड्यात वरची काळी माती आणि कुजलेलं शेणखत घातलं. रोपाचं सोटमूळ पिशवीत वळलेलं असेल तर टोक छाटून सरळ सोडायचं. साठांतल्या सात रोपांचं मूळ वळलेलं होतं.

पोफळींमधली जागा सव्वीस रोबस्टातच संपली, कारण चंद्रगिरीसाठी सगळ्यात गार, झरीजवळचा कोपरा राखून ठेवला होता. उरलेली दहा रोबस्टा पाटाच्या वरच्या अंगाला लावावी लागली, जुन्या फणसाच्या आणि दोन पांगाऱ्यांच्या सावलीत. तिथे पाटाचं पाणी चढत नाही. काका म्हणाले, ही दहा उन्हाळ्यात जाणार. मलाही तसंच वाटतंय, पण फेकून द्यायची कशी?

३ जुलै २०२२, सुर्ला

आत्याच्या परसात बारा चंद्रगिरी. पाऊस आडवा, धुकं इतकं की गोठ्यातून विहीर दिसत नव्हती. माती पातळ थराची, खाली जांभा. खड्डे घेताना पहार तीनदा दगडावर आपटली, शेवटी वाड्यावरच्या दोघांना बोलावलं. वाऱ्यासाठी प्रत्येक रोपाला दोन काठ्या आडव्या बांधल्या.

आत्याने विचारलं, "ह्याला फळ कधी?" म्हटलं, तीन वर्षं तरी. "मग मी असेन नसेन, तू लाव." आणि स्वतःच चिखलात बसून आळी बांधायला लागली.

२१ ऑगस्ट २०२२, केरी

गोगलगायींनी तीन रोपांचे शेंडे खाल्ले. रात्री बॅटरी घेऊन वेचते. राखेचं कडं पावसात टिकत नाही. बाकी ठीक.

९ नोव्हेंबर २०२२, केरी

सुपारी काढणी चालू असली तरी संध्याकाळी हात रिकामे असतात. जूनमध्ये राहिलेलं आज लिहिते.

चंद्रगिरी हे वाण बाळेहोन्नूरच्या कॉफी संशोधन केंद्रातलं, २००७ साली लागवडीसाठी दिलेलं. त्याचं एक मूळ कोस्टा रिकातल्या व्हिला सार्ची या बुटक्या अरेबिकात आहे, आणि दुसरं आग्नेय आशियातल्या तिमोर बेटावरच्या एका झाडात. त्या झाडासाठी मी ही बारा रोपं केरीत ठेवली.

कॉफीचा तांबेरा पानाच्या खालच्या अंगाला येतो. नारिंगी पूड, बोटाला लागते. पान गळतं, पानांमागून फांदी सुकते. १८६९ साली तो सिलोनमध्ये दिसला. त्या वेळी सिलोनचे डोंगरच्या डोंगर कॉफीखाली होते. वीसेक वर्षांत ती लागवड मोडली आणि त्याच डोंगरांवर चहा आला. आज श्रीलंका म्हटलं की चहा आठवतो, त्याच्या मुळाशी ही बुरशी आहे. अरेबिकाकडे तिला अडवणारं काही नव्हतं. रोबस्टाकडे होतं, पण दोघांचं जमत नाही. अरेबिकात गुणसूत्रं ४४, रोबस्टात २२. संकर झालाच तर ३३ ची संतती होते आणि ती वांझ निघते.

तिमोरच्या एका मळ्यात, अरेबिकाच्या झाडांमध्ये, १९२७ साली एक झाड सापडलं. त्यात रोबस्टाचं रक्त होतं, आणि तरी गुणसूत्रं ४४. परागकण तयार होताना रोबस्टाची गुणसूत्रं निम्मी व्हायची राहून गेली असणार, म्हणून गणित जुळलं. झाड फळतं होतं, अरेबिकाशी त्याचा संकर होत होता, आणि तांबेऱ्याला ते दाद देत नव्हतं. कुणीही मुद्दाम केलेलं नाही, डोंगरउतारावर आपोआप घडलेलं. पोर्तुगालमध्ये ओइराश इथे १९५५ साली तांबेऱ्याच्या अभ्यासाचं केंद्र निघालं. तिथे या तिमोरी संकरावर काम झालं आणि त्याची संतती जगभर गेली. भारतातली कावेरी आणि चंद्रगिरी, दोन्ही त्याच वंशातल्या.

आणि तिमोर आपल्याला अगदीच परकं नाही. १८४४ पर्यंत त्या बेटाचा पोर्तुगीज कारभार गोव्यातल्या सरकारच्या अखत्यारीत होता. शाळेत आम्हाला दमण-दीव शिकवलं, तिमोरचं नावही कधी घेतलं नाही. ज्या कॉफीवर आज तिथली डोंगरातली हजारो घरं चालतात, ती एकोणिसाव्या शतकात त्यांच्याकडून सक्तीने लावून घेतली होती. त्या सक्तीच्या लागवडीच्या बेटावरच जगभरच्या अरेबिकाला वाचवणारं झाड उगवलं, ही गोष्ट वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. त्या झाडाच्या वंशातलं एखादं तरी झाड माझ्या दारात असावं असं वाटलं, एवढंच.

८ मार्च २०२३, केरी

म्हादई अभयारण्यात ५ तारखेपासून आगी लागल्या आहेत. रात्री डोंगराच्या अंगावर लाल रेघ दिसते. वाऱ्याबरोबर राख अंगणात येते, वाळत घातलेल्या सुपारीवर काळी पापडी बसली. हवाई दल आणि नौदलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकताहेत. गावातली मुलं हिरव्या फांद्या घेऊन वर गेली आहेत. आज कॉफीचं लिहवत नाही. फक्त नोंद: दुपारी सावलीत ३९ अंश. पाटाच्या वरच्या दहा रोबस्टांची पानं दुपारी लोंबतात, सकाळी पुन्हा उभी राहतात. झरीजवळच्या चंद्रगिरींपैकी पाचांच्या पानांच्या कडा भाजल्या. पायाशी पाणी असूनही.

२८ मे २०२३, केरी आणि सुर्ला

वर्षाची मोजणी. केरीत रोबस्टा ३६ पैकी ३४ जिवंत. मेलेली दोन्ही पोफळीतली, एकावर झावळ पडली, एकाचं मूळ कुजलं. वरच्या दहांतलं एकही गेलं नाही. काकांनी स्वतः दोनदा मोजली. केरीत चंद्रगिरी १२ पैकी ८. सुर्ल्याला १२ पैकी ९. दोन गव्यांनी तुडवली, एक वाळलं.

सुर्ल्याला एप्रिल-मेमध्ये पाण्याचे हाल असतात. आत्याने भांडी धुतलेलं पाणी रोज एकेका झाडाला घातलं, आणि बुडाशी गवताचं वीतभर आच्छादन. नऊ झाडं जगली ती तिच्या भांड्यांच्या पाण्यावर.

२२ ऑक्टोबर २०२३, सुर्ला

नऊपैकी तीन झाडं सरळ उंच चालली आहेत, पेरं लांब. चंद्रगिरी बुटकी आणि गच्च असते. बाकीची सहा तशीच आहेत. रोपवाटिकेने मिसळ दिली हे आता स्पष्ट झालं. दीड वर्षानंतर तक्रार कुणाकडे करायची? फोन केला, "हवेमुळे होतं" असं उत्तर मिळालं. हवेने वाण बदलत नाही. मला राग आला तो पैशांचा नाही. आत्याने वर्षभर ज्या झाडांना पाणी घातलं, ती काय आहेत हे तिला खरं सांगितलं जायला हवं होतं.

तिन्हींना लाल रिबन बांधली.

१७ डिसेंबर २०२३, सुर्ला

तांबेरा आला. लाल रिबनवाल्या तिन्ही झाडांवर, खालच्या फांद्यांची पानं उलटली की नारिंगी ठिपके. पुस्तकात शंभरदा वाचलेली पूड पहिल्यांदा बोटावर घेतली. शेजारच्या सहा चंद्रगिरींवर एक डाग नाही. पानं एकमेकांना घासत असताना नाही.

त्या सहा झाडांसमोर मी बराच वेळ बसले होते. १९२७ मधलं ते झाड मी पाहिलेलं नाही, त्याचा फोटोही नाही. पण त्याने काय केलं ते आज आत्याच्या परसात दिसलं.

हे कायमचं नाही, हेही लिहून ठेवायला हवं. बुरशीचे नवे वंश तयार होतात. कावेरीची ताकद अशीच वर्षागणिक कमी होत गेली. चंद्रगिरीवरही कधीतरी येईल. तिन्ही झाडांवर अर्धा टक्का बोर्डो फवारलं: शंभर लिटरला अर्धा किलो मोरचूद, अर्धा किलो चुना, या मापाने दोन बादल्या. आमच्याकडे सुपारीच्या कोळेरोगावर एक टक्का मारतात, त्यामुळे हात सरावलेला आहे. गळलेली पानं गोळा करून जाळली. काका म्हणाले, उपटून टाक तिन्ही. आत्या नको म्हणाली.

३ मार्च २०२४, केरी

फुलं! पण ज्या तऱ्हेने आली त्यावरून गेले दोन आठवडे घरात वाद चालू आहे. हे नीट मांडते, कारण मला वाटतं या सगळ्या उद्योगातली मोठी गोष्ट हीच आहे.

पोफळीतल्या रोबस्टांना जानेवारीपासून थोडी थोडी फुलं येताहेत. आज एका झाडावर दहा, चार दिवसांनी दुसऱ्यावर पंधरा. रोबस्टाला स्वतःचे परागकण चालत नाहीत, दुसऱ्या झाडाचे लागतात. शेजारची झाडं एकाच दिवशी फुलली नाहीत तर फुलं फुकट जातात. तसंच होतंय. फूल येतं, सुकतं, मागे दाणा धरत नाही.

वरच्या दहांवर मात्र महिनाभर नुसत्या कळ्या होत्या, हिरव्या, तांदळाएवढ्या, गप्प बसलेल्या. पाटाचं पाणी तिथे जात नाही. गेल्या आठवड्यात विहिरीवरचा पंप दुरुस्त झाला का बघायला नळी वर सोडली आणि रात्रभर तशीच राहिली. तीन झाडांची मुळं भिजली. आज नवव्या दिवशी ती तिन्ही झाडं पांढरीशुभ्र आहेत. फांदीचं लाकूड दिसत नाही. वास जाईचा, पण जाईपेक्षा जड. मधमाश्यांचा आवाज पायवाटेवरून ऐकू येतो.

कॉफीच्या कळीला आधी तहान लागते. डिसेंबरपासून दीड-दोन महिने पाणी तुटायला हवं, मग कळ्या एका जागी थांबून राहतात. त्यानंतर एक दणदणीत पाऊस, पंचवीस ते चाळीस मिलीमीटर, की आठ-दहा दिवसांत सगळ्या एकदम उमलतात. चिकमगळूर-कोडगूचे बागायतदार फेब्रुवारी-मार्चच्या त्या पावसाची वाट बघतात, नाही आला तर तुषार सिंचन लावतात. तिमोरलाही ठळक कोरडा ऋतू आहे. जिथे बारा महिने पाऊस, तिथे फूल वर्षभर तुकड्यातुकड्याने येतं आणि तोडणीही तशीच करावी लागते.

आमचं कुळागर तसं आहे. आमच्या पूर्वजांनी डोंगरातली झर पाटाने वळवली ती दर चौथ्या दिवशी पोफळीच्या बुडाशी पाणी पोचावं म्हणून. उन्हाळा कुळागरात शिरू नये यासाठीच ही सगळी रचना. त्या रचनेत मी तहान मागणारं झाड लावलं.

"पाटाचं पाणी दीड महिना बंद ठेवूया का, दोन रांगांना?" मी विचारलं. काकांनी हातातला कोयता खाली ठेवला. "त्या माडी आजोबांनी लावल्या. तू कॉफीसाठी त्यांना तहानेल्या ठेवणार?" आमच्याकडे पोफळीला माडी म्हणतात. मी काही बोलले नाही. त्यांचं बरोबर आहे.

१४ एप्रिल २०२४, केरी

चंद्रगिरी, झरीजवळची. कळ्या आल्या पण फुलल्या नाहीत. हिरव्या, चांदणीच्या आकाराच्या, कडक. तशाच राहून काळ्या पडल्या. उष्णतेत अरेबिकाच्या कळीचं असं होतं. आठांपैकी तीन झाडं वरून सुकत आली आहेत. पाणी देऊन सावली करता येते, पण रात्रीचा गारवा देता येत नाही. इथे रात्री अकरा वाजताही २८ अंश आहे.

७ जुलै २०२४, केरी

भाचा सुट्टीवर आला. तो तारवटी, प्रवासी जहाजावर स्वयंपाकघरात. त्यांचं जहाज दिलीला, पूर्व तिमोरच्या राजधानीत, एक दिवस थांबलं होतं, आणि माझं सततचं तिमोर-तिमोर ऐकून त्याने बाजारातून अर्धा किलो कॉफी आणली. एर्मेरा भागातली, भाजलेली, जाड दाण्याची. फोटोही आणले. शहराच्या पाठीमागे लगेच डोंगर चढायला लागतात. तिथलं रामेलाव शिखर तीन हजार मीटरच्या जवळपास जातं. आपल्या गोव्यातलं सर्वांत उंच शिखर हजाराच्या थोडंसं वर. तिमोर गोव्याहून लहान-मोठं किती, हे त्याने विचारलं, पण मला त्या क्षणी फक्त उंची दिसत होती. बेटाच्या मधोमध गारवा साठवलेला आहे.

त्याला कुणीतरी सांगितलं, तोडणी आत्ताच चालू आहे. बरोबर, विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहेत ते. आमच्याकडे रोबस्टाची तोडणी जानेवारीनंतर, त्यांची आमच्या पावसाळ्यात.

एर्मेराच्या कॉफीवर उंच शिरीषकुळातल्या झाडांची सावली असते, तेतुम भाषेत त्याला सामतुकू म्हणतात. आमच्याकडे पांगारा जे करतो तेच काम: हवेतलं नत्र मुळांत धरायचं, पानं गाळून खत करायचं, ऊन चाळून खाली सोडायचं. त्या सामतुकूंनाही अलीकडच्या दशकांत एका वेगळ्या तांबेऱ्याने ग्रासलं आहे, फांद्यांवर गाठी येतात आणि झाड मरतं. कॉफीचं झाड तांबेऱ्यातून वाचलं आणि डोक्यावरची सावली तांबेऱ्यातच गेली. हे वाचून वाईट वाटलं. जुनी, न छाटलेली कॉफीची झाडं, वर सावली नाही, आणि तोडायला घरातलीच माणसं.

कॉफी केली. काका, आत्या, भाचा आणि मी, चौघांनी बिनदुधाची प्यायलो. आत्या म्हणाली, "भाजलेल्या गुळासारखं वास येतो." मला किंचित आंबट लागली, आमसुलाची नाही, पिकलेल्या काजूबोंडाच्या जवळची. काकांनी दुसऱ्यांदा मागितली.

३० नोव्हेंबर २०२४, केरी

निर्णय. पोफळीतल्या चोवीस रोबस्टांकडून फुलाची अपेक्षा सोडली. झाडं ठेवते, मिळेल ते घेऊ. पाटाला हात लावायचा नाही. पुढची सगळी लागवड पाटाच्या वरच्या अंगाला, फणस-पांगाऱ्याखाली, जिथे आजवर फक्त जळाऊ लाकूड होतं. काका स्वतः वरची जागा दाखवायला आले. "ही जागा कुणालाच नको होती. ही घे."

वरच्या दहांची छाटणी केली: शेंडा पाच फुटांवर खुडला, आडव्या फांद्या ठेवल्या, आतून वर जाणारे धुमारे काढले. फांदी पोखरणाऱ्या भुंग्याची दोन छिद्रं मिळाली. छिद्राच्या दोन बोटं खाली फांद्या कापून जाळल्या.

१६ फेब्रुवारी २०२५, केरी

तुषार. आज सकाळी सहा ते अकरा. आधी हिशेब केला: एका झाडाची जागा नऊ चौरस मीटर, तीस मिलीमीटर पाऊस पाडायचा तर झाडाला २७० लिटर, दहा झाडांना २,७०० लिटर. विहिरीत तेवढं आहे का, ते काल दोरी सोडून पाहिलं. चार जागी दुधाचे रिकामे डबे ठेवून आतलं पाणी पट्टीने मोजलं. एका डब्यात ३१ मिलीमीटर, एकात फक्त १८, कारण फणसाची फांदी आड येत होती. तिथे नळी हाताने धरली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून या झाडांना थेंब मिळाला नव्हता. पानं मलूल, कळ्या घट्ट. मला दोनदा रडू आलं होतं, उगाच. पाणी दे, असं वाटायचं.

२४ फेब्रुवारी २०२५, केरी

आठवा दिवस. दहाच्या दहा. पहाटे साडेपाचला वासानेच जाग आली. शेजारच्या वहिनी कुंपणापाशी येऊन विचारत होत्या, कसलं फूल आहे. काका आंघोळीआधीच वर जाऊन बसले होते. माश्या: आपल्या सातेरी, आणि त्या बारीक, न चावणाऱ्या. फूल दोन-तीन दिवसच टिकतं. या दिवसांत पाऊस पडला तर परागकण धुऊन जातात, म्हणून आकाशाकडे बघत दिवस काढला.

११ मार्च २०२५, केरी

दुसरं पाणी, हलकं, पंधरा मिलीमीटर. दाणा धरलाय. टाचणीच्या डोक्याएवढा.

२६ ऑक्टोबर २०२५, केरी

आज क्वालालंपूरच्या परिषदेत पूर्व तिमोर आसियानचा, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा, अकरावा सदस्य झाला. २० मे २००२ ला स्वतंत्र झालेला देश. आत्याला फोन करून सांगितलं. तिने विचारलं, "आपल्या झाडाचं गाव ना ते?" हो म्हटलं.

रोबस्टाची फळं अजून हिरवी. फुलापासून पिकेपर्यंत दहा-अकरा महिने. सुर्ल्याच्या अरेबिकाला आठ-नऊ पुरतात, तिथे लाली चढू लागली आहे.

२३ नोव्हेंबर ते १४ डिसेंबर २०२५, सुर्ला

तीन फेऱ्यांत तोडणी. फक्त लाल फळ, बोटाने दाबलं की दाणा सुटतो असं. सहा चंद्रगिरींची मिळून २ किलो ४०० ग्रॅम. लाल रिबनवाल्यांवर जेमतेम मूठभर. पानगळीने फांद्या कमजोर राहिल्या, दोनदा बोर्डो मारूनही. आत्या अजूनही त्यांना उपटू देत नाही.

आत्याने फळाची साल चोखून पाहिली आणि गोड म्हणाली. गोडच असते. दाणे हाताने सोलले, दीड दिवस पाण्यात आंबवले, चिकटा सुटल्यावर धुतले. बुळबुळीतपणा जाऊन दाणा खडबडीत लागला की झालं. मग सुपावर पातळ थर, रोज चार वेळा हात फिरवायचा, रात्री धुक्यासाठी घरात. बारा दिवस लागले. सोलून हातात आलं ते ४०० ग्रॅम.

३० दाणे वरच्या सालीसकट बियाण्यासाठी बाजूला ठेवले, फक्त चंद्रगिरीचे. अरेबिका स्वतःच्या परागकणांवर फळते, त्यामुळे वाण बरंचसं टिकतं. कॉफीचं बी साठवून फार दिवस राहत नाही. लगेच पेरायचं.

२१ डिसेंबर २०२५, केरी

वाफा केला: खाली शेणखत-माती, वर बारीक वाळू. दाण्याची सपाट बाजू खाली, बोटाच्या पेरभर अंतरावर. वर भाताचा पेंढा.

केरीतली शेवटची तीन चंद्रगिरी आज काढली. दोन मेलेलीच होती. तिसरीला हिरवी पानं होती, तरी काढली. झरीजवळची ती जागा मिरवेलीची आहे, तिला परत दिली.

१ फेब्रुवारी २०२६, केरी

रोबस्टा तोडून झाली. वरच्या दहा झाडांचं २२ किलो फळ. पोफळीतल्या चोवीस झाडांचं मिळून ९ किलो, तेही लाल, हिरवं, वाळलेलं एकाच फांदीवर. चार वेळा फिरावं लागलं. आकडे काकांना वाचून दाखवले. त्यांनी वही स्वतःकडे घेतली, चष्मा लावून पुन्हा वाचले.

ही फळं सालीसकट वाळवली, सुपारीच्याच खळ्यावर, सतरा दिवस. हलवली की आत दाणा खुळखुळतो. ३१ किलोंचे सोलून साडेसहा किलो दाणे झाले. लोखंडी कढईत पाव किलो भाजले. आधी गवताचा वास, मग भाजक्या शेंगदाण्याचा, आणि बाराव्या मिनिटाला तडतड सुरू झाली. जाड, कडवी, दुधात छान लागते. सुर्ल्याची वेगळी भाजली, कमी. ती आत्यासमोरच प्यायची असं ठरलं आहे.

८ फेब्रुवारी २०२६, केरी

एकोणपन्नासावा दिवस. पेंढा बाजूला केला तर तीसपैकी बावीस वर आले आहेत. सरळ उभी देठं, डोक्यावर अजून दाण्याची टोपी तशीच. पानं उघडायला आणखी काही दिवस. टोपी हाताने काढायची नाही, असं काकांना दोनदा सांगितलं.

जूनमध्ये बावीसच्या बावीस सुर्ल्याला जातील. आत्याने गव्यांसाठी चिऱ्यांचा गडगा घालायला सुरुवात केली आहे. गुडघ्याएवढा झालाय. संध्याकाळी तिचा फोन: चिरे कमी पडताहेत, टेम्पो बघ.